भिंत आणि धडा

दहावीचा निकाल लागला की ‘यंदाही मुलींचीच बाजी’ हा मथळा ठरलेला, आणि त्यापाठोपाठ शिक्षकांच्या खोलीतला वादही: मुलींना मुलांपासून वेगळे बसवले तर त्या अधिक चांगल्या शिकतात काय? आमच्या मते हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे.

आपल्याकडे कन्याशाळा आली ती शिक्षणशास्त्राचा सिद्धान्त म्हणून नव्हे. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, ती मुलींची बुद्धी निराळी असते म्हणून नव्हे, तर दुसरे दार त्यांना उघडे नव्हते म्हणून. १८८४ साली पुण्यात हुजूरपागेची शाळा निघाली. तिच्यावर टीकेची झोड उठली ती मुली वेगळ्या बसतात म्हणून नव्हे. इंग्रजी, गणित हे विषय मुलींनाही शिकवले जाणार, ही खरी पोटदुखी होती. टिळकांच्या ‘मराठा’चा रोख अभ्यासक्रमावरच होता. पुढे १९१६ साली कर्व्यांनी जपानचा आदर्श समोर ठेवून महिला विद्यापीठ स्थापले, तेव्हा त्यात मातृभाषेला माध्यमाचा मान मिळाला, तसाच गृहशास्त्रालाही अभ्यासक्रमात मान मिळाला. भिंत दोन्हीकडे होती. भिंतीआडचा धडा मात्र एक नव्हता. विरोधकांना तेव्हा जे नेमके कळले होते, ते समर्थकांना आज कळू नये?

संशोधनाचा हवाला हमखास दिला जातो, म्हणून तेही पाहू. सेऊलमध्ये १९७४पासून विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा शाळा नेमून दिल्या जात. तेथील वेगळ्या शाळांतील मुला-मुलींचे गुण काहीसे सरस असल्याचे २०१३च्या एका अभ्यासात आढळले. उलट २०१४ साली २१ देशांतील १८४ अभ्यास, म्हणजे सुमारे १६ लक्ष विद्यार्थी, एकत्र तपासले गेले. घरची परिस्थिती आणि प्रवेशाची चाळणी हिशेबात घेणाऱ्या अभ्यासांत फरक नगण्य ठरला. यावरून कोणा एका पक्षाने गुढी उभारावी असे काही नाही.

आता आमच्याच घरचे. एम. ए.च्या आमच्या वर्गात मुलींची संख्या कितीतरी अधिक, तरी पहिला प्रश्न बहुधा मुलगाच विचारतो. मुलींना वेगळे बसवा, असे कोणी सुचवील. पण आम्ही स्वतःला तपासले तेव्हा दिसले ते असे: मुलीच्या निबंधावर आम्ही ‘छान, नीटनेटके’ असा शेरा मारतो आणि मुलाच्या निबंधाशी वाद घालतो. हा आमचा दोष आहे, बाकांच्या मांडणीचा नव्हे. मुलींच्याच महाविद्यालयात शिकवायला गेलो, तर तोच शेरा आम्ही तेथेही मारू.

म्हणून ‘वेगळी शाळा म्हणजे उत्तम शिक्षण’ ही जाहिरात आम्हांस मान्य नाही. तशीच ‘समतेसाठी कन्याशाळा बंद करा’ ही घाईही मान्य नाही. मुलीला शाळेत धाडण्याची घरच्यांची अटच जेथे कन्याशाळा आहे, तेथे भिंत पाडल्यावर ती मुलगी मिश्र वर्गात येऊन बसणार नाही, चुलीपुढे जाऊन बसेल.

शाळा कोणतीही असो, विचारण्याजोगे प्रश्न दोनच. येथे गणिताला आणि विज्ञानाला धड शिक्षक आहे काय? आणि मुलीचे म्हणणे पटले नाही, तर तिच्याशी वाद घालण्याइतकी तिची किंमत शिक्षक करतो काय?