किमोनो, ओबी आणि अंगावर पाजणारी आई

माझ्या एका जुन्या पेशंटची मुलगी जपानमध्ये राहते. नवरा जपानी, सासरही तिथलंच. बाळ तीन आठवड्यांचं झालंय आणि आता त्याला देवदर्शनाला न्यायचंय. सासूबाईंनी सुनेसाठी किमोनो काढून ठेवलाय. इकडे आजीबाईंना काळजी लागली आहे, "डॉक्टर, इतकं घट्ट बांधून घेतलं तर पोरीचं दूध आटेल का हो?"

प्रश्न योग्य आहे. माझं मत आधीच सांगते. हौस असेल तर किमोनो जरूर घालावा. पण तो बाळाच्या भुकेच्या वेळा सांभाळून घालावा. कपड्यासाठी बाळाला ताटकळत ठेवू नये आणि आईने दुखणं सहन करू नये.

हा विधी कोणता?

याला 'ओमियामाइरी' म्हणतात. बाळ साधारण महिन्याचं झालं, म्हणजे ३१ ते ३३ व्या दिवसाच्या आसपास, की त्याला शिंतो देवळात नेतात. प्रदेशानुसार दिवस बदलतो. परंपरेप्रमाणे त्या दिवशी बाळ त्याच्या वडिलांच्या आईकडे असतं आणि बाळावर सणाचा छोटा किमोनो पांघरतात. आई मात्र नुकती बाळंतीण असते. टाके भरत असतात, थोडा रक्तस्राव चालू असू शकतो, झोप अपुरी असते आणि दुधाचं गणित अजून बसायचं असतं.

त्रास नेमका कशाने होतो?

किमोनोला बटणं नसतात. तो दोऱ्यांनी बांधतात आणि वरून 'ओबी' हा पट्टा गुंडाळतात. समारंभाचा ओबी सुमारे ३० सेंटीमीटर रुंद आणि चार मीटरहून लांब असतो. तो दुमडून छातीच्या खालपासून कमरेपर्यंत आवळला जातो. शरीर सरळ नळकांड्यासारखं दिसावं म्हणून कमरेला टॉवेल गुंडाळतात आणि छाती सपाट दाबून बसवतात. अंगावर पाजणाऱ्या आईला त्रास होतो तो या दाबाचा.

पहिल्या काही आठवड्यांत बाळ दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पितं. चार-पाच तास पाजलं नाही आणि वरून छाती आवळलेली असली की दूध साचतं, स्तनाला सूज येते आणि दूध वाहून नेणाऱ्या नलिका दबतात. मग गाठ, ठणका आणि कधी ताप. एका दिवसाने दूध आटत नाही, तेव्हा आजीबाईंनी ती भीती सोडावी. मात्र स्तन वारंवार भरलेले राहिले, तर शरीर दूध कमी बनवू लागतं, हे खरं आहे.

"पूर्वीच्या बायका नाही का पाजायच्या?"

पाजायच्या की! पण त्यांचा किमोनो रोजच्या वापराचा, सैलसर नेसलेला असे. गळा पुढून सहज उघडायचा. शिवाय बायकांच्या किमोनोला काखेखाली शिवण न घातलेली एक फट असते. १८०६ साली वारलेले चित्रकार उतामारो यांच्या छापचित्रांत बाळाला पाजणाऱ्या आया दिसतात, त्यांचे कपडे असेच ढिले आहेत. आपल्याकडेही आजीची गाठीची चोळी पुढून क्षणात सुटायची. आज बारशाला आपण पाठीमागे हुक असलेला घट्ट ब्लाउज शिवतो आणि बाळ रडलं की खोली शोधत फिरतो. म्हणून परंपरेला दोष देऊ नका. फोटोसाठी आवळून बांधण्याची पद्धत तेवढी बदला.

घालायचाच असेल तर

- देवळात निघण्याच्या अगदी आधी बाळाला दोन्ही बाजूंनी पाजा, मगच नेसायला बसा.
- नेसवणाऱ्या बाईंना "मी अंगावर पाजते" हे आधी सांगा. छाती दाबणारी पट्टी आणि जादा टॉवेल नको म्हणा.
- दोन भागांत शिवलेला किमोनो आणि तयार गाठीचा ओबी मिळतो. सोडायला-घालायला सोपा. धुता येणारं पॉलिस्टर असेल तर दूध गळलं तरी जीव खालीवर होत नाही.
- पाजायची सोय आहे का, हे देवळात आधी विचारून ठेवा.
- बाथरूमला जायची अडचण म्हणून पाणी कमी पिऊ नका.
- विधी आणि फोटो झाले की किमोनो उतरवा. जेवणाला साध्या कपड्यांत जा.
- सिझेरियन झालं असेल किंवा टाके दुखत असतील, तर यावेळी ओबी नकोच.

आज अनेक जपानी आयाही या दिवशी साधा ड्रेस घालतात. त्यामुळे नाही म्हटलं तर सासरचा अपमान होईल, असं मनात आणू नका.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

स्तनात गाठ लागली तर दाबून, चोळून मोकळी करायला जाऊ नका, सूज वाढते. बाळाला नेहमीसारखं पाजत राहा आणि थंड शेक द्या. पाजणं एकदम बंद करू नका. २४ तासांत बरं वाटलं नाही, ताप चढला किंवा लाली पसरू लागली, तर डॉक्टरांना दाखवा. अँटिबायोटिक लागलं तरी बहुतेक वेळा पाजणं चालू ठेवता येतं. तासाभरात पॅड भिजण्याइतका रक्तस्राव झाला, तर वाट न पाहता हॉस्पिटल गाठा.

शेवटी दोन्हीकडच्या आज्यांना एक विनंती. जपानमध्येही बाळंतपणाला माहेरी जायची पद्धत आहे, तिला 'सातोगाएरी' म्हणतात. म्हणजे बाळंतिणीला विश्रांती हवी, हे दोन्ही घरांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. मग त्या एका दिवशीही ते विसरू नका. "आता पाजायचंय, ओबी सोडा," असं सुनेने म्हटलं की कॅमेरा बाजूला ठेवा आणि गाठ सोडायला मदत करा.