दुसरी मांडी

पहिले बाळंतपण माहेरी, हा नियम आपल्याकडे कोणी लिहून ठेवलेला नव्हता. तरीही तो वर्षानुवर्षे पाळला गेला. डोहाळजेवण आटोपले की मुलगी माहेरी यायची आणि बाळ तीन-चार महिन्यांचे झाले की बाळंतविडा, पाळणा आणि डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन सासरी परतायची. आता हा प्रवास उलट दिशेने होतो. मुलगी बंगळूरला, पुण्यातल्याच पण दुसऱ्या टोकाच्या हिंजवडीला किंवा थेट न्यू जर्सीला नोकरी करीत असते. तिचा डॉक्टर तिथे, विमा तिथे, नवरा तिथे. तेव्हा मुलगी माहेरी येत नाही. माहेरच सामान बांधून तिच्याकडे जाते.

आम्हीही तसेच निघालो. मुलीला जुळे होणार हे कळल्यावर सौभाग्यवतींनी दोन महिने तयारी केली. जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवली. अळीव, डिंक, खारीक, बाळंतशेपा, वेखंड, घुटीची पेटी आणि सहाण अशा चार पिशव्या भरल्या. पाचवी पिशवी माझी. तिच्यात वाचायच्या राहून गेलेल्या दोन कादंबऱ्या, माझ्या नव्या कादंबरीचे अर्धे हस्तलिखित आणि फिरायला जायचे बूट होते. स्टेशनवर एका परिचिताने विचारले, "काय, दोघेही निघालात?" मी म्हणालो, "ही मदतीला, मी सोबतीला." हे उत्तर मला त्या वेळी फार सुटसुटीत वाटले होते.

जुळी मुले पोथीतल्या तिथीला येत नाहीत. चाळीस आठवड्यांचा हिशेब एकट्या बाळाचा. जुळी बहुधा सदतीस आठवडे भरण्याआधीच येतात. आमच्या नाती तर तेहेतिसाव्या आठवड्यातच आल्या. त्या वेळी आम्ही उद्यान एक्स्प्रेसमध्ये होतो, गाडी गुंटकलच्या आसपास असावी. शस्त्रक्रिया करावी लागली. थोरली एक किलो आठशे, धाकटी एक किलो सहाशे; दोघींत चार मिनिटांचे अंतर. दोघींची रवानगी नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात. आमच्या चार पिशव्या घरी तशाच बांधलेल्या राहिल्या.

तिथल्या डॉक्टर बाईंनी आम्हा सर्वांना बसवून एक गोष्ट समजावून सांगितली. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून, उभे धरून ठेवायचे. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपडे आणि मोजे. वरून दोघांना मिळून एक कापड गुंडाळायचे. याला कांगारू पद्धत म्हणतात. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात ती सुरू झाली. तिथल्या रुग्णालयात बाळांना ठेवायला उबदार पेट्या कमी पडत होत्या, म्हणून डॉक्टरांनी आईलाच पेटी केले. पुढे लक्षात आले की हा नाइलाजाचा उपाय नाही. यात बाळे अधिक तगतात, वजन चांगले धरतात. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत जन्मानंतर ताबडतोब सुरू करावी, दिवसाचे किमान आठ तास आणि जमेल तितकी अधिक करावी, असे सांगितले.

बँकेत उभी हयात गेल्यामुळे मी लगेच हिशेब केला. दोन बाळे, आठ-आठ तास, म्हणजे सोळा तास. मुलीच्या पोटाला ताजे टाके; दोघींना एकदम छातीवर घेणे तिला जमेना. जावईबापू एकीला घेऊन बसत, पण त्यांची दहा दिवसांची रजा संपत आली होती. सौभाग्यवती तासन् तास बसायला तयार होत्या, परंतु त्या घरी स्वयंपाक करून डबा पाठवणार की इथे बसणार? तेवढ्यात तिथली परिचारिका माझ्याकडे बोट दाखवून मोडक्या हिंदीत म्हणाली, "ताता है ना! चलेगा." ताता म्हणजे कानडीत आजोबा.

मी शर्ट काढून खुर्चीत बसलो. सदुसष्ट वर्षांच्या, पांढरे केस उगवलेल्या छातीवर तिने धाकटीला ठेवले. तिचे वजन ते काय, दीड-दोन किलो. पण हात हलवायची माझी छाती होईना. तिचा श्वास माझ्या श्वासाहून कितीतरी जलद चालला होता. काही वेळाने ती गाढ झोपली आणि मी पाठ अवघडून तसाच दीड तास बसून राहिलो.

त्या दीड तासात मला १९९० साल आठवले. त्या वर्षी केंद्र सरकारने शेतकऱ्यांची दहा हजार रुपयांपर्यंतची थकबाकी माफ केली. मी मराठवाड्यातल्या एका शाखेत होतो. याद्या, पडताळण्या, रोज दारात उभी राहणारी रांग. माझी मुलगी पुण्याला, तिच्या आजोळी जन्मली. मी बाराव्या दिवशी बारशाला पोहोचलो आणि तिसऱ्या दिवशी परत फिरलो. मुलीला कोणी माझ्या हातात द्यायला लागले की मी म्हणायचो, "मान धरू लागली की घेईन." ती मान धरू लागली तेव्हा मी पुन्हा शाखेत होतो. याबद्दल मला कोणी कधी बोल लावला नाही. बोल लावण्यासारखे त्यात काही आहे, असेच त्या काळी कोणाला वाटत नव्हते. आमच्या पिढीतल्या बहुतेक बापांनी आपले मूल प्रथम नीट पाहिले ते ते चालायला लागल्यावर.

तीन आठवड्यांनी नाती घरी आल्या आणि खरी परीक्षा सुरू झाली. दर तीन तासांनी दूध, म्हणजे एकीला आठ वेळा, दोघींना सोळा वेळा. पाजणे, ढेकर काढणे, लंगोट बदलणे, पुन्हा झोपवणे यांना मिळून चाळीस मिनिटे धरली तरी रोजचे साडेदहा तासांवर काम झाले. शिवाय बाळंतिणीचे खाणे-पिणे, शेक, दोघींचे कपडे आणि घरातल्या मोठ्या माणसांची जेवणे वेगळीच.

सुरुवातीला अंगावर ओढायची ताकद नव्हती, म्हणून रुग्णालयाने काढलेले दूध पाजायला चोच असलेले एक छोटे भांडे दिले होते. दक्षिणेत त्याला पालडाई म्हणतात. सौभाग्यवतींनी ते हातात घेतले आणि त्यांचा चेहरा उजळला. "अहो, हे तर आपलं बोंडलं!" घुटीची पेटी मात्र त्यांनी न बोलता पिशवीत परत ठेवली. सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नाही, एक वर्षापर्यंत मध तर मुळीच नाही, हे डॉक्टरांनी बजावले होते. धुरीही बंद. जे सोडायचे ते त्यांनी सोडले आणि अळिवाची खीर, सुती दुपटी व रात्रीचे जागरण हे ठेवले. नव्या-जुन्याच्या वादावर मी आजवर पुष्कळ लिहिले आहे. तो वाद इतक्या निमूटपणे मिटलेला मी प्रथमच पाहिला.

आणि मी काय करीत होतो? मी रजिस्टर ठेवले. लांब वही, उभ्या रेघा, 'थोरली' आणि 'धाकटी' असे दोन रकाने. वेळ, दूध किती मिलिलिटर, लंगोट ओले की कसे. डॉक्टर बाईंनी वही पाहून कौतुक केले. मला वाटले, घरात आपलाही उपयोग होतो आहे. सकाळी फिरून यावे, वर्तमानपत्र वाचावे, नोंदी तपासाव्यात.

पंधराएक दिवसांनी पहाटे तीनच्या सुमारास करपल्याचा वास आला. स्वयंपाकघरात गेलो. गॅसवर बोंडली आणि वाट्या उकळायला ठेवलेले पातेले कोरडे पडून लाल झाले होते आणि ओट्याला टेकून, जमिनीवर बसल्या बसल्या, सौभाग्यवतींना झोप लागली होती. मी गॅस बंद केला, त्यांना उठवले. दुखरा गुडघा धरून त्या उठल्या, पातेल्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, "अहो, नोंद इतकी छान ठेवता. त्यात माझा रकाना कुठे आहे?"

बँकेत तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी काढलेला इतका नेमका दोष मला आठवत नाही.

त्यानंतर वहीला तिसरी रेघ पडली आणि रात्री दहा ते दोन ही पाळी माझी झाली. दोन बाळे एकदम रडली की एका मांडीने भागत नाही, दुसरी मांडी लागतेच. जुळ्यांनी आमच्या घरात एवढे एक केले की ती दुसरी मांडी कोणाची, हा प्रश्न टाळता येईना. एकच मूल असते तर मी सोबतीला गेलो होतो तसाच सोबत करून परत आलो असतो.

ही गोष्ट माझ्या घरापुरती असती तर मी ती इथे सांगितली नसती. आपण सारे म्हणतो की पूर्वी आज्या बाळंतपणे लीलया करीत. माझ्या आठवणीतले वाड्यातले बाळंतपण मी पुन्हा तपासून पाहिले. तिथे आजी होती खरी. पण बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायला वेगळी बाई येई, दुपटी धुवायला दुसरी. काकू भात टाकी, आत्या पाळण्याची दोरी धरी, शेजारच्या वहिनी दुपारी बाळंतिणीपाशी बसत. दहा हातांचे ते काम होते. तेच काम आता दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, परभाषेच्या गावात, साठीच्या एका बाईकडून आपण अपेक्षितो आणि त्याला 'आजीची माया' म्हणतो. माया आहेच. पण मायेची मोजणी करायची नाही, या सबबीखाली सगळे काम एकाच माणसाच्या खात्यावर नावे पडत जाते.

कायद्याने थोडी सोय केली आहे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी आईची पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. पण बापाचे काय? केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला पंधरा दिवस मिळतात. खासगी नोकरीत ते कंपनीच्या मर्जीवर. बापाला दहा दिवसांत कामावर बोलावणारी कंपनी खरे तर आजीच्या गुडघ्यांवर चाललेली असते. तिच्या ताळेबंदात हा खर्च कधी दिसत नाही, एवढेच. अमेरिकेतल्या आमच्या आप्तांकडे तर दोन्हीकडच्या आजी-आजोबांचे वेळापत्रकच लागते. प्रवासी व्हिसावर साधारण सहा महिने राहता येते. मुलीकडचे परतले की मुलाकडचे पोहोचतात. विहिणी एकमेकींना किल्ल्या आणि मसाल्याचे डबे सोपवतात. बँकेत याला चार्ज देणे म्हणत.

माझ्या वयाचे मित्र म्हणतात, "आयुष्यभर राबलो, आता आराम नको?" हवा ना. पण ज्यांना आपण हे विचारतो त्या बायका निवृत्त कधी झाल्या? दुसरे म्हणतात, "आपल्याला ते जमत नाही." मलाही जमत नव्हते. ढेकर काढायला मला चार दिवस लागले. खतावणी शिकायला याहून जास्त लागले होते.

मुलांनाही एक सांगायचे आहे. आई-बाबा येणारच, हे गृहीत धरू नका, विचारा. त्यांचे गुडघे, त्यांची औषधे, त्यांच्या मागे घरी राहिलेले एखादे म्हातारे माणूस, सगळे विचारा. परवडत असेल तर रात्रीला एक बाई ठेवा आणि त्यात आईचा अपमान मानू नका.

साडेचार महिन्यांनी आम्ही परतलो. नाती आता साडेपाच-पाच किलोच्या आहेत, मान धरतात. हस्तलिखित होते तसेच अर्धे परत आले. वही मी जावईबापूंच्या हाती दिली. चार्ज घेताना त्यांनी तिसऱ्या रकान्यापुढे स्वतःच चौथी रेघ मारली, ते पाहून मला बरे वाटले.

जे आजोबा या महिन्यात पिशव्या बांधत असतील त्यांना एवढेच सांगेन, की कादंबऱ्या घरी ठेवा. त्या जागेत सुती बनियन जास्त न्या. दिवसाला चार लागतात.