दान कुणी करायचं?

श्रमदानाचं कौतुक आता पुरे, असं मी म्हटलं की आमच्या पारावरची मंडळी रागानं बघतात. बघू देत. त्या श्रमदानात मीही घाम गाळलाय, अन् फायदाही मलाच झालाय. म्हणून बोलतो.

2017 सालच्या उन्हाळ्यात पाणी फाउंडेशनचा वॉटर कप आमच्या सोलापूर जिल्ह्यात आला. 8 एप्रिल ते 22 मे, पंचेचाळीस दिवस. टिकाव, खोरं, घमेलं घेऊन गाव माळावर लोटलं. शहरातली पोरं यायची, हाताला फोड आले तरी हटायची नाहीत. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, संस्थेबद्दलही नाही. तक्रार आहे ती आम्हा जमीनवाल्यांबद्दल.

पारधी वस्तीवरची एक मावशी रोज यायची. तिला गुंठाभर रान नाही. पहाटे चर खांदायची, मग दुसऱ्याच्या रानात रोजानं जायची. अंग मोडून आलं की त्या दिवसाचा रोज बुडायचा. पुढं पाऊस झाला, माझी विहीर भरली. मी काय केलं? ऊस लावला.

दुसऱ्या वर्षी गाव परत माळावर गेलं, मावशी आली नाही. पारावर तिला कामचुकार म्हणाले. मी बोलवायला गेलो तर म्हणाली, "अण्णा, चर आपण संगं खांदलं. पाणी तेवढं तुमच्याच हिरीत गेलं. औंदा मी कुणाच्या हिरीसाठी खांदू?"

मी खाली मान घालून परतलो.

ज्याच्याकडं चार घास जास्त आहेत त्यानं द्यावं, ते दान. हातावर पोट असलेल्याला फुकट राबवायचं याला आमचे आजे वेठबिगार म्हणायचे. 1972 च्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जायची, तिला मजुरी मिळायची. त्या काळात जमलं ते आता का जमू नये?

"रान आमचं, विहीर आमची," असं उत्तर येतं. अरे, पण चर खांदले ते गायरानात! गायरान गावाचं, मग त्यात मुरलेलं पाणी तुझ्या एकट्याचं कसं?

पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथं पाणी रानाकडं बघून नाही, माणसं मोजून वाटलं. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. उसाला बंदी. भूमिहीनालाही पाण्यावर हक्क. हे कुणी परदेशात केलेलं नाही, आपल्याच महाराष्ट्रातल्या दुष्काळी गावात केलं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. पहिला टिकाव मारायच्या आधी ग्रामसभेत ठराव लिहा: भूमिहीनाला पाण्यात वाटा किती, आणि ज्याचा रोज बुडतो त्याची हजेरी रोजगार हमीत लावायची कशी. दान आम्ही बागायतदारांनी करावं.

औंदा मी ऊस मोडलाय. ठराव लिहायला बसाल तेव्हा हाक मारा, पहिली सही माझी.