ज्याचे गुण कमी, तो पहिला

शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत ज्याचे गुण सगळ्यांत कमी, तो जिंकतो. टक्केवारीवर वाढलेल्या आपल्या डोक्यात हे बसायलाच वेळ लागतो. पहिल्याला १, दुसऱ्याला २, आणि वीस डिंग्यांच्या मालिकेत वेळेआधी रेषा ओलांडून परत न फिरलेल्याला थेट २१. पण खरी कसोटी हिशेबाआधी, पंचांच्या होडीवर. सुटायला पाच मिनिटं उरली की होड्यांच्या वर्गाचा झेंडा वर, चार उरली की निळ्यावर पांढरा चौकोन असलेला. शेवटच्या मिनिटाला तो खाली, आणि सुटायच्या क्षणी वर्गाचाही. भोंगा ऐनवेळी नुसता फुसफुसला तरी बिघडत नाही, वेळ झेंड्यावरूनच धरतात. (आमच्या भोंग्याला हा नियम पाठ असावा.) अंतिम रेषेवर मात्र तारांबळ: पाच-सहा डिंग्या एकदम घुसतात, एकीचं शीड दुसरीचा नंबर झाकतं, एकजण आकडे ओरडतो, दुसरा ओल्या कागदावर उतरवून घेतो. पेन्सिलीनंच, शाई पाण्यात पसरते. संध्याकाळी प्रत्येकाचा सर्वांत वाईट निकाल वगळला की क्रम उलटापालटा होतो, आणि चहाचा कप घेऊन कोणीतरी हळूच विचारतं, "तो सात होता की एक?"