रंग अंगाचा की भिंतीचा?

यंदा आमच्याकडे फराळाच्या आधी रडारड झाली, आणि तीही एका पिवळ्या साडीवरून!

तुळशीचं लग्न आटोपलं की आमच्या नेरूळच्या भाचीचं लग्न. मामाने, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, रिवाजाप्रमाणे पिवळी अष्टपुत्री आणून ठेवलेली. तेवढ्यात ही मुलगी कुणा रंगसल्लागार बाईंकडे जाऊन आली. बाईंनी खांद्यावर कापडं टाकून पाहिली आणि निकाल दिला, "पिवळा वर्ज्य! कावीळ झाल्यासारखी दिसतेस." सावळेपणावरून आधीच चार ठिकाणी ऐकून घेतलेली पोर ती. "मावशी, मी अष्टपुत्री नेसणार नाही," म्हणून बसली. भाऊ काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा मला पाहवेना.

मी विचारलं, "अगं, खोली कशी होती?"

"मागची भिंत राणी रंगाची. आणि इमारतीचं काम चाललंय ना, म्हणून खिडकीबाहेर हिरवी जाळी."

सापडला चोर! पावसाळा सरला की आमच्या नवी मुंबईत कितीतरी इमारती त्या जाळीत गुंडाळलेल्या दिसतात. तिच्यातून गाळून आलेला हिरवट उजेड थेट कातडीवर पडतो. त्यात ती भिंत. भडक रंगाशेजारची वस्तू डोळ्यांना त्याच्या विरुद्ध रंगाकडे झुकलेली भासते. राणीपुढे चेहरा हिरवटच वाटायचा. दोन्हीकडून मार! (मोबाइलच्या फोटोवरही विसंबू नका. तो उजेडाचा रंग आपल्या मनाने दुरुस्त करतो.)

पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात हेच घडलं होतं. विणलेल्या पडद्यांतला काळा रंग फिका पडतो, अशी तक्रार आली. तिथले रंगखात्याचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी तपास केला. रंगात खोट नव्हतीच. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा निस्तेज दिसत होता. १८३९ साली त्यांनी यावर ग्रंथच लिहिला.

मग भाचीला वाशीला माझ्याकडे बोलावलं. सकाळी दहाची वेळ, उत्तरेची खिडकी, दिवे बंद. लिपस्टिक पुसली, केस पांढऱ्या ओढणीत बांधले, मागे चादर टांगली. जाणकार राखाडी पडदा घेतात. माझ्याकडे पांढरी चादर होती, तिच्यावर भागवलं. एक कापड काढलं की क्षणभर चादरीकडे पाहून डोळे निववायचे, मगच दुसरं. आणि पाहायचं ते कापडाकडे नाही, हनुवटीखालच्या सावलीकडे, डोळ्यांखालच्या वर्तुळांकडे.

लिंबू रंगाने चेहरा खरोखरच उतरला. तेवढ्यापुरतं बाईंचं बरोबर म्हणायचं. पण हळदी रंगाची अष्टपुत्री खांद्यावर टाकली, आणि तो सावळा चेहरा असा उजळला की मी भावाला स्वयंपाकघरातून हाक मारली. तो दारातच उभा राहून बघत राहिला.

आता तिची तक्रार ब्लाउजच्या बाह्यांबद्दल आहे. ते मात्र तिच्या आईने पाहावं!