२५ एप्रिल आपलाही

२५ एप्रिल जवळ आला की इटलीतल्या आपल्या मराठी मंडळात एकच चर्चा: यंदा सहल तळ्यावर न्यायची की समुद्रावर? सुट्टी कशाची, हे मात्र आपल्या मुलांना विचारून पाहा.

इटालियन घरांत या मुक्तिदिनाचा क्रम ठरलेला. सकाळी महापौर तिरंगी पट्टा घालून स्मारकापाशी येतात, लॉरेलच्या पानांचं चक्र वाहतात, गावचा बँड वाजतो आणि आजीपासून नातवंडापर्यंत सगळे ‘बेल्ला चाओ’ म्हणतात. मग हीच मंडळी नदीकाठी निखारे पेटवतात. रोमान्यात त्यावर सॉसेज भाजून गरम पियादीना रोटीत गुंडाळून खातात. गात्तातिकोला चेर्वी बंधूंच्या शेतघरापाशी तर जत्राच भरते. या घरातल्या सातही भावांना २८ डिसेंबर १९४३ रोजी फासिस्टांनी गोळ्या घातल्या. त्यांच्याच घरापाशी आज लोक सतरंज्या टाकून जेवतात, गातात. यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नाही, आणि ते बरोबरच आहे.

‘हे त्यांचं राजकारण, आपण कशाला पडा?’ असं आपल्यातले काही ज्येष्ठ म्हणतात. राजकारण आहेच, या दिवसावरून इथे दर वर्षी वाद झडतात. पण १९४५ साली याच दिवशी उत्तर इटलीत उठावाची हाक दिली गेली, त्याच्या आधीपासून मराठा पलटणी याच भूमीवर लढत होत्या. रायगडातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिबेर नदीच्या खोऱ्यात पडले. नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर गोळीबारात दोन जखमींना पाण्यातून, सुरुंगांतून सुखरूप आणलं; मग एकट्याने परत जाऊन मशिनगनची ठाणी उद्ध्वस्त केली आणि बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना केली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते ब्रिटिशांच्या फौजेत होते, हे खरं. म्हणून त्यांचं रक्त परकं ठरत नाही.

घाडगे यांचं स्मारक उंब्रियातल्या मोंतोनेने उभारलं आहे. आपण मात्र तळ्यावर भेळ कालवत बसतो. भेळ हवीच, फक्त सेनिओच्या काठावर. आल्फोन्सीनेला त्या लढाईचं संग्रहालय आहे, फोर्लीला भारतीय सैनिकांची दफनभूमी. सकाळी तिथे फुलं वाहावीत, दुपारी बांधावर पंगत बसवावी. कार्यकारिणीने यंदाच्या सहलीची बस तिकडेच ठरवावी, ही विनंती.