अपना बाजार मॉलनं मारला, हे खरं नाही

दिवाळीच्या फराळाचा विषय निघाला की परळ-नायगावातून डोंबिवली, विरार, बदलापूरला गेलेल्या पिढीच्या बोलण्यात ‘अपना बाजार’ हमखास येतो. रवा, बेसन आणि पामतेलासाठी लागलेल्या रांगा आठवतात. माल निवडलेला असेल आणि वजनात काटा मारलेला नसेल, ही खात्री आठवते. मग एक उसासा येतो आणि पाठोपाठ निकाल लागतो: मॉल आले, डी-मार्ट आला, मोबाइलवर दहा मिनिटांत कोथिंबिरीची जुडी दारात येऊ लागली, त्यात आपली दुकानं गेली. काळापुढे कुणाचं चाललंय?

हा निकाल मला मान्य नाही. तो वस्तुस्थितीला धरून नाही. शिवाय तो ज्यांची जबाबदारी होती त्यांना अलगद सोडून देतो. अपना बाजार संपलेलाही नाही. संस्था उभी आहे, काही शाखांचे दरवाजे रोज सकाळी उघडतात. ओसरलं ते तिचं मध्यमवर्गीय आणि कामगार मुंबईच्या घरखर्चातलं स्थान. ते कसं ओसरलं, हे नीट पाहायला हवं.

आधी ही सहकारी संस्था जन्मली कशातून ते पाहू. दुसऱ्या महायुद्धानं मुंबईला रेशनिंग आणि काळाबाजार दोन्ही दिले. गिरणी कामगाराचा पगार महिन्यातून एकदा हातात पडायचा आणि मधले दिवस वाण्याच्या उधारीवर जायचे. ज्याच्याकडे उधारी आहे त्याला भाव विचारता येत नाही आणि मापाबद्दल तर ब्रही काढता येत नाही. 1948 साली नायगावच्या कामगारांनी थोडं-थोडं भागभांडवल गोळा करून स्वतःचं दुकान काढलं, ते या कोंडीतून सुटण्यासाठी. ‘मुंबई कामगार मध्यवर्ती ग्राहक सहकारी संस्था’ हे तिचं लांबलचक नाव, आणि त्यातला प्रत्येक शब्द नेमका आहे. दुकान कामगारांचं होतं. ज्याच्याकडे एक भाग त्याला एक मत, आणि ज्याच्याकडे शंभर भाग त्यालाही एकच मत. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात 1844 साली 28 जणांनी पीठ, लोणी, साखर आणि मेणबत्त्या विकायला जे दुकान उघडलं, त्याचीच ही रीत. त्यांनाही भेसळ आणि खोटं माप यांनीच एकत्र आणलं होतं.

पुढं या रोपट्याला सरकारनं पाणी घातलं. 1962 च्या चीन युद्धानंतर महागाई वाढली, तेव्हा केंद्रानं ग्राहक सहकारी संस्थांसाठी योजना आखली. जून 1966 मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि पुढच्याच महिन्यात दिल्लीत कॅनॉट प्लेसला ‘सुपर बाजार’ उघडला. 1968 मध्ये कुलाब्यात ‘सहकारी भांडार’ सुरू झालं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दुष्काळ आणि महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागून बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्याच बायका सहकारी दुकानात रांग लावायच्या. मोर्चा आणि रांग ही एकाच लढ्याची दोन टोकं होती. रास्त भावात तेल मिळणं हा त्या काळी राजकारणाचा विषय होता.

इथं प्रतिपक्षाचा सर्वांत वजनदार मुद्दा येतो आणि तो टाळून पुढं जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. ते म्हणतात: हे सगळं टंचाईचं अपत्य. टंचाई होती म्हणून रांग होती. 1991 नंतर बाजार खुला झाला, तेल-साखर कोपऱ्यावर मिळू लागली, मग रांगेत कोण उभं राहील? तुम्ही ज्याला जिव्हाळा म्हणता ती नाइलाजाची आठवण आहे.

युक्तिवाद गोळीबंद आहे, पण तो स्वित्झर्लंडमध्ये मोडून पडतो. त्या श्रीमंत देशात वाणसामानाची टंचाई औषधालाही नाही. तरीही तिथल्या किराणा व्यापारात सर्वांत मोठी दोन नावं आहेत मिग्रो आणि कोप, आणि दोन्ही सहकारी आहेत. मिग्रो तर गोटलीब डुटवायलर यांनी खासगी कंपनी म्हणून काढली आणि 1941 मध्ये आपण होऊन सहकारी करून टाकली. म्हणजे ग्राहकांच्या मालकीचं दुकान हे फक्त अभावाच्या दिवसांसाठी असतं, असं जगाचा अनुभव सांगत नाही. आणि आपल्याकडे तरी सगळी टंचाई कुठं संपली आहे? साखरेची संपली. खऱ्या मालाची, खऱ्या वजनाची, छापील किमतीमागच्या खऱ्या हिशेबाची टंचाई आजही आहे. पाकिटाचा आकार तोच ठेवून आतले ग्रॅम कमी करतात, तेव्हा त्या कंपनीला जाब विचारणारं सभागृह ग्राहकाकडे नसतं. नायगावच्या कामगाराकडे ते होतं.

आता मॉल आणि डी-मार्टकडे वळू, कारण खटला मुख्यतः त्यांच्यावर भरला जातो. राधाकिशन दमाणी यांनी पवईत पहिलं डी-मार्ट उघडलं ते 2002 मध्ये. त्याआधी, 1999 च्या सुमारास, त्यांनी नेरूळला चक्क अपना बाजारची फ्रँचायझी चालवली होती. हा तपशील उसासे टाकणाऱ्यांना सहसा ठाऊक नसतो. ज्या दुकानानं अपना बाजारला मारलं असं आपण म्हणतो, त्याचा मालक या धंद्यातलं पहिलं पाऊल अपना बाजारच्याच पाटीखाली टाकून गेला. त्याला ती पद्धत पटली नाही आणि त्यानं स्वतःची उभी केली. काय होती ती? रोज लागणाऱ्या वस्तूंवर भर, कमी नफा, माल झटपट फिरवणं, पुरवठादाराचे पैसे वेळेआधी देऊन त्याच्याकडून भाव पाडून घेणं, जागा शक्यतो भाड्यानं न घेता विकत घेणं, सजावटीवर खर्च न करणं.

ही यादी पुन्हा वाचा. यातली कोणती गोष्ट सहकारी संस्थेला कायद्यानं वर्ज्य होती? कमी नफा हे तर सहकाराचं पहिलंच सूत्र. काटकसर गिरणगावाला कुणी शिकवायची गरज नव्हती. डी-मार्टकडे जे होतं ते अपना बाजारलाही करता आलं असतं. आणि अपना बाजारकडे जे होतं, म्हणजे ग्राहकाची मालकी, ते डी-मार्टला कधीच देता येणार नाही. 2017 मध्ये डी-मार्टची कंपनी शेअर बाजारात आली. तिचा शेअर जो घेईल तो मालक, मग तो तिथं आयुष्यात कधी डाळ घ्यायला गेलेला नसला तरी चालतं.

मग मॉलनं काहीच केलं नाही का? केलं. पण मोठी दुकानं बुडायला मॉलची गरज लागते असं नाही. बिग बाजार स्वतःच मॉलमधली मोठी गर्दी होता. 2001 मध्ये सुरू झालेली ही साखळी प्रजासत्ताक दिनाच्या सवलतींनी अख्ख्या शहरांची वाहतूक अडवायची. लोअर परळला ती फिनिक्स मिलच्या आवारात होती, म्हणजे जिथं कामगार पाळी भरायचा तिथं त्याची मुलं ट्रॉली ढकलू लागली. ती कर्जानं बुडाली. 2020 मध्ये रिलायन्सशी 24,713 कोटी रुपयांचा सौदा ठरला, अॅमेझॉननं हरकत घेतली, आणि फेब्रुवारी 2022 मध्ये अनेक दुकानांचा ताबा रिलायन्सनं घेतला. एका संध्याकाळी सुरू असलेलं दुकान दुसऱ्या दिवशी बंद. ग्राहकांनी हळहळ व्यक्त केली आणि विषय संपला. त्यांच्या हातात दुसरं काही नव्हतंच, कारण त्यांचं तिथं पावतीपलीकडे काही नव्हतं.

मोक्याच्या जागेनंही दुकान तरत नाही. चंडीगडकडे पाहा. ल कॉर्बुझिएनं साधारण 800 बाय 1200 मीटरचे सेक्टर आखले आणि प्रत्येकातून दुकानांचा एक रस्ता नेला, म्हणजे सेक्टर 30 मधल्या गृहिणीलाही पायी जाऊन सामान आणता यावं. मोठ्या खरेदीसाठी सेक्टर 17 चा चौक दिला. 2013 मध्ये एलांते मॉल उघडला आणि तेव्हापासून सेक्टर 17 चे व्यापारी गिऱ्हाईक गेल्याची तक्रार करत आहेत, तर शहर त्या चौकाच्या आठवणी काढत आहे. जगातल्या नामवंत वास्तुरचनाकाराला दुकानासाठी जागा देता आली. गिऱ्हाइकाला दुकानात हक्क देणं त्याच्या नकाशात बसणारं नव्हतं.

सहकार मुळातच नालायक, असं म्हणणारेही आहेत. त्यांना दिल्लीचा सुपर बाजार दाखवायला आवडतो. तो 2002 मध्ये बंद पडला, हे खरं. पण तो नावालाच सहकारी होता. कारभार सरकारनं नेमलेल्या माणसांच्या हाती आणि वृत्ती सरकारी कचेरीची. त्याच्या बंद होण्यातून सरकारी दुकानदारीची कुवत कळते, सहकाराची कळत नाही. सहकार काय करू शकतो ते पाहायचं तर मुंबई ग्राहक पंचायतीकडे यावं लागेल.

बिंदुमाधव जोशी, सुधीर फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये ही संस्था उभी केली. तिला दुकानच नाही. शेजारपाजारची काही कुटुंबं मिळून एक संघ करतात. दर महिन्याला यादी भरली जाते, पंचायत सगळ्यांची एकत्र मागणी घाऊक बाजारात नोंदवते, आणि ठरल्या दिवशी टेम्पो एका सभासदाच्या घरी माल उतरवून जातो. तिथं सगळ्यांनी जमायचं आणि आपापसांत वाटप करायचं. कष्टाचं काम आहे. आठवडाभर आधी यादी करावी लागते, वेळ द्यावा लागतो, दुसऱ्याच्या घरातली तुरीची डाळ मोजावी लागते. या कामाचा मोठा भार बायकांनी उचलला आणि त्यातून त्या ग्राहक हक्कांवर बोलू लागल्या, न्यायमंचापुढं उभ्या राहू लागल्या. मॉल आले, डी-मार्ट आला, दहा मिनिटांवाले आले. पंचायतीचं वाटप चालूच आहे. इथं सभासदाला दर महिन्याला काहीतरी करावं लागतं, म्हणून तो सभासद राहतो. पन्नास वर्षांचा हा पुरावा समोर असताना ‘काळापुढे कुणाचं चाललंय’ म्हणणं मला आळसाचं लक्षण वाटतं.

अपना बाजारच्या ओहोटीचं माझ्या मते खरं कारण इथंच आहे. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगाव गिरणगाव राहिलं नाही. सभासद उपनगरांत विखुरला. त्याच्या पेटीत भागाचा दाखला राहिला, पण पाय दुकानाकडे वळेना आणि वार्षिक सभेकडे तर त्याहून नाही. मालक हळूहळू गिऱ्हाईक झाला आणि गिऱ्हाईक हळूहळू आठवण. काउंटरवरची सेवा मंद होती, हवी ती वस्तू अनेकदा नसायची, नव्या पिढीला मांडणी रुचत नव्हती, हे सगळं मान्य. पण हे दोष सांगण्याची जागा सर्वसाधारण सभा होती, आणि ती सांगणारी माणसं तिथून निघून गेली होती. सहकारी भांडारानं पुढं रिलायन्सशी हातमिळवणी केली, तेव्हाही सामान्य सभासदांत त्यावरून रान पेटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

याच शहरात 1906 मध्ये स्वदेशी चळवळीच्या भरात ‘बॉम्बे स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्स’ निघालं होतं. लोकमान्यांचं नाव त्याच्या उभारणीशी जोडलं जातं. आज ते ‘द बॉम्बे स्टोअर’ आहे आणि तिथं भेटवस्तू मिळतात. पाटीवरचा ‘को-ऑपरेटिव्ह’ गेला. अपना बाजारचं तसं झालेलं नाही. मुंबईत आज सहकारी म्हणून नोंदलेलं, कामगारांनी काढलेलं, पाऊणशे वर्षं ओलांडलेलं किराणा दुकान शिल्लक आहे, हे मला कुठल्याही आठवणीपेक्षा मोलाचं वाटतं.

म्हणून ज्यांना अपना बाजारची आठवण येते त्यांच्याकडे माझं मागणं अगदी साधं आहे. वडिलांच्या किंवा आजोबांच्या कागदपत्रांत भागाचा दाखला आहे का ते शोधा. असेल तर संस्थेच्या कार्यालयात जाऊन वारस म्हणून तो आपल्या नावावर करून घ्या. नसेल तर नवे सभासद होण्यासाठी अर्ज करा. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरच्या आत, सहकारी संस्थेला वार्षिक सभा घ्यावी लागते. त्या सभेला जा, ताळेबंद मागा, तो वाचून या, आणि डोंबिवलीत, विरारमध्ये ग्राहक पंचायतीसारखं घरोघरी वाटप आपण का करत नाही, हा प्रश्न उभं राहून विचारा.